सेनापतीचें आज्ञापत्र आणि हचिन्सनांचें पद

सेनापतीच्या कचेरींतून रोज कितीतरी कागद बाहेर पडतात. दाण्यागोट्याचे हुकूम, कूच-मुक्कामाचे हुकूम, पहारे बदलण्याचे, पळपुट्यांस शासन करण्याचे. युद्ध संपलें कीं ते दप्तरांत जाऊन पडतात, आणि इतिहासकारावांचून त्यांस कोणी हात लावीत नाहीं. परंतु ह्या ढिगांत एखादा कागद असा निघतो कीं त्याच्या दोनतीन ओळींत साऱ्या युद्धाचें मर्म सांपडावें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६२ सालच्या जानेवारी महिन्यांत, जनरल जॉर्ज मॅक्लेलन यांच्या हुकमानें जें एक आज्ञापत्र निघालें तें आमच्या मतें ह्या जातीचें आहे. तें शत्रूस उद्देशून नव्हतें; कोणा फितुरास उद्देशूनही नव्हतें. तें होतें एका गाणाऱ्या कुटुंबासंबंधानें. हचिन्सन कुटुंबास छावण्यांतून गाण्याची दिलेली परवानगी आणि पोटोमॅक नदी ओलांडण्याचा परवाना हीं दोन्ही रद्द करण्यांत येत आहेत, व यापुढें त्यांस सैनिकांपुढें गाऊं दिलें जाणार नाहीं, इतकाच त्याचा आशय. ज्याच्या हाताखालीं लाखाहून अधिक फौज त्या सेनापतीस चार गाणाऱ्यांचें भय कां वाटावें, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

हे हचिन्सन कोण, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. न्यू हॅम्पशायर संस्थानांतील मिलफर्ड ह्या गांवच्या एका शेतकऱ्याच्या मोठ्या कुटुंबांतील हीं भावंडें. १८४० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनीं गांवोगांव फिरून तिकिट लावून गाण्याचा धंदा आरंभिला. आवाज गोड, आणि चौघांचा मेळ इतका एकजीव कीं कोणता स्वर कोणाचा हें ओळखूं येऊं नये. पैसा व कीर्ति लवकरच मिळाली. इतक्यावर थांबते तर सुखानें जगते, आणि त्यांच्यावर अग्रलेख लिहिण्याचें कारण कोणास पडतें ना. परंतु ह्या भावंडांस दारूबंदीचें वेड होतें, स्त्रियांच्या हक्कांचें वेड होतें, आणि सर्वांहून मोठें वेड गुलामगिरीच्या उच्छेदाचें होतें. १८४४ सालीं त्यांच्यापैकीं जेसी हचिन्सन यानें मुक्तीस आगगाडीची उपमा देऊन, वाट अडविणाऱ्यांनीं रुळावरून बाजूस व्हावें असें बजावणारें एक पद रचलें. चाल मात्र त्यानें घेतली ती, गोऱ्या नटांनीं तोंडास काजळी फांसून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्यासाठीं ज्या रंगभूमीवर नाचावें, त्याच रंगभूमीवरच्या एका लोकप्रिय गाण्याची! आपल्याकडे सत्यशोधकांनीं तमाशाच्या फडांतील चाली व रीत उचलून जलसे उभे केले, तसाच हा प्रकार. लोक ज्या चालीवर हंसावयास शिकले त्याच चालीवर त्यांस विचार करावयास लावणें ही युक्ति दोन्ही देशांत सुधारकांस सुचली, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८४५ सालीं हें मंडळ विलायतेस निघालें तेव्हां ‘कँब्रिया’ ह्या बोटीवर फ्रेडरिक डग्लस हेही होते. स्वतः गुलामगिरींतून पळून आलेल्या ह्या पुरुषानें बोटीवर भाषण आरंभितांच गुलामांचे धनी व त्यांचे साथी ह्यांनीं असा दंगा माजविला कीं अखेर कप्तानास बेड्या ठोकण्याची धमकी द्यावी लागली. हचिन्सन मंडळी डग्लस यांच्या पक्षाची होती. तेव्हां सतरा वर्षांनीं सेनापतीचें आज्ञापत्र हातीं पडलें तें कांहीं नवशिक्यांच्या हातीं पडलें नाहीं. आपल्या गाण्यावर लोक दात-ओठ खातात हें त्यांस चांगलें माहीत होतें.

युद्ध सुरूं झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यांत जॉन हचिन्सन आपलें कुटुंब घेऊन वॉशिंग्टनला आले, आणि नदीपलीकडे व्हर्जिनियाच्या बाजूस पडलेल्या फौजेपुढें गाण्याची परवानगी त्यांनीं युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांच्याकडून मिळविली. हे कॅमेरॉन गुलामांच्या हातीं शस्त्रें द्यावींत अशी सूचना आपल्या वार्षिक अहवालांत करून बसले होते. त्यांच्या कारभाराविषयींच्या इतर तक्रारींत ह्या सूचनेची भर पडली आणि त्याच जानेवारींत त्यांची खुर्ची गेली. असो. परवानगी कायदेशीर होती, आणि शिपायांस गाण्याची भूक होती. हजारों तरुण पोरें चिखलांत तंबू ठोकून बसलेलीं; लढाई नाहीं, घर दूर, आणि गोवर व विषमज्वर मात्र रोज कोणाला तरी उचलून नेत आहेत. अशा ठिकाणीं घरच्या ओळखीच्या स्वरांनीं गाणारी बापलेंकांची जोडी येऊन उभी राहिली म्हणजे काय वाटत असेल, हें ज्यांनीं परमुलखांत दिवस काढले आहेत त्यांस सांगावयास नको.

अलेक्झांड्रिया शहराजवळ फेअरफॅक्स सेमिनरी म्हणून पाद्री तयार करण्याचें एक विद्यालय होतें. तेथील प्रार्थनामंदिरांत एका संध्याकाळीं न्यू जर्सीच्या पलटणींपुढें गाणें झालें. जागा दाटीनें भरलेली. कांहीं पदें झाल्यावर हचिन्सनांनीं जॉन ग्रीनलीफ व्हिटियर ह्या कवीचें एक नवें पद घेतलें. व्हिटियर हा क्वेकर पंथाचा. त्या पंथांत शस्त्र धरणें हेंच पाप. परंतु गुलामगिरीविरुद्ध हा मनुष्य जवळजवळ तीस वर्षें लेखणी झिजवीत आलेला. युद्धाचा गौरव करणें त्याच्या धर्मास मान्य नव्हतें, म्हणून त्यानें युद्धाचें कारण विचारलें. हें रण कोणीं माजविलें, भावाच्या हातांत भावाविरुद्ध शस्त्र कोणीं दिलें, असा प्रश्न तो पदांत करितो, आणि सर्व प्रश्नांस एकच उत्तर देतो: गुलामगिरी. चाल होती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या सुप्रसिद्ध स्तोत्राची. म्हणजे श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं ती लहानपणापासून देवळांत ऐकलेली.

पद संपतें न संपतें तोंच एका कोपऱ्यांतून सापासारखा फूत्कार ऐकूं आला. एका मेजरानें उठून बजावलें कीं, पुन्हां असें झालें तर करणाऱ्यास बाहेर काढूं. त्यावर एका पलटणीचा डॉक्टर उभा राहून म्हणाला, मग माझ्यापासूनच सुरवात करा. कांहीं वेळ गडबड झाली, आणि पुढें ती शमलीही. शिस्तीच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रकरण तेथेंच मिटावयाचें. फार तर त्या डॉक्टरास दोन शब्द सुनावले असते म्हणजे झालें. परंतु गोष्ट ब्रिगेडचे मुख्य जनरल फिलिप कर्नी यांच्या कानीं गेली. त्यांनीं गाणाऱ्यांस बोलावून घेतलें आणि, बंडखोर काय आणि गुलामगिरी मोडूं पाहणारे काय, मला दोघांचीही किंमत सारखीच, असें त्यांस तोंडावर सांगितलें. हे कर्नी भेकड नव्हते. मेक्सिकोच्या लढाईंत त्यांनीं डावा हात गमाविला होता, आणि ह्या प्रसंगानंतर आठ महिन्यांच्या आंतच, १ सप्टेंबर १८६२ रोजीं, शँटिलीच्या लढाईंत ते पडले. शूर मनुष्याची बुद्धि सर्व विषयांत शूर असतेच असें नाहीं, एवढेंच येथें म्हणावयाचें. कर्नींकडून प्रकरण त्यांच्या वरिष्ठाकडे गेलें, आणि तेथून मुख्य सेनापतीकडे. आणि वर सांगितलेलें आज्ञापत्र निघालें.

त्या वेळचा देखावा वाचकांनीं मनांत आणावा. मॅक्लेलन यांचें वय अवघें ३५. आदल्या नोव्हेंबरापासून ते सर्व सैन्याचे मुख्य सेनापति. विस्कळित गर्दीची शिस्तवार फौज बनविण्यांत त्यांचा हातखंडा, आणि शिपायांचें त्यांच्यावर फार प्रेम. पण ती फौज जागची हलेना. सेनापतीस मध्यंतरीं विषमज्वरानें गांठलें होतें हें खरें. तथापि ज्वर उतरल्यावरही फौज हलेना. अखेर अध्यक्ष लिंकन यांचा धीर सुटला, आणि २२ फेब्रुवारीस सर्व सैन्यांनीं पुढें सरकावें असा हुकूम त्यांनीं २७ जानेवारी १८६२ रोजीं स्वतःच्या सहीनें काढला. सारांश, रिचमंडच्या दिशेनें जें पाऊल महिनेच्या महिने पडत नव्हतें तें हचिन्सनांच्या दिशेनें मात्र त्वरित पडलें!

आतां सेनापतीच्या बाजूनें काय म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. मेरीलँड, केंटकी, मिसुरी व डेलावेअर ह्या चार संस्थानांत गुलामगिरी कायम असूनही तीं राज्यसंघांत राहिलीं होतीं. तीं बिथरलीं असतीं तर राजधानीच्याच भोंवतीं शत्रु उभा राहता. सैन्यांत सर्व पक्षांचे लोक होते, आणि गुलामांसाठीं मरावयास आपण आलों नाहीं असें उघड म्हणणारे थोडे नव्हते. खुद्द कायदेमंडळानें १८६१ च्या जुलईंत असा ठराव केला होता कीं, हें युद्ध कोणत्याही संस्थानाच्या रूढ व्यवस्थेंत हात घालण्यासाठीं नसून केवळ राज्यसंघ टिकविण्यासाठीं आहे. तेव्हां मॅक्लेलन यांनीं आपल्या पदरचें नवें धोरण काढलें असें नाहीं. छावणींत एक पद गाइल्यानें दोन तट पडतात, तर पदच बंद करा, हा शिपाईगडी न्याय. आमच्यापैकीं पुष्कळ व्यवहारी माणसेंही त्यांच्या जागीं असतीं तर हाच हुकूम लिहितीं. घरांत मुलें भांडूं लागलीं कीं जें मूल रडत असेल त्यालाच गप्प बसविणारे बाप आम्ही सर्वांनीं पाहिलेले आहेत.

आणि ह्या आज्ञापत्राचा दोष नेमका येथेंच आहे. दंगा केला कोणीं? फूत्कार करणारानें. शिक्षा झाली कोणास? गाणाऱ्यास. फूत्कार करणाऱ्या डॉक्टराचा परवाना कोणीं रद्द केला नाहीं, कारण फूत्कार करण्यास परवाना लागतच नाहीं; तो केवळ सत्य सांगावयास लागतो. एकी राखण्यासाठीं गप्प राहा असा उपदेश जगांत फार जुना आहे, परंतु तो नेहमीं एकाच बाजूस केला जातो. ज्याच्या पाठीवर आसूड पडत आहे त्यानें ओरडूं नये, म्हणजे सर्वत्र एकी नांदते. १८६० सालच्या खानेसुमारीप्रमाणें त्या देशांत सुमारें ४० लक्ष मनुष्यें गुलाम होतीं. राज्यसंघाची एकी टिकावी म्हणून ऐंशी वर्षें त्यांच्याविषयीं तडजोडीवर तडजोड झाली. प्रत्येक वेळीं एकीची किंमत त्यांनींच भरली, आणि एकी तरीही टिकली नाहीं. मग आतां, बंदुका झडूं लागल्यावर तरी, ज्या विषयावरून त्या झडूं लागल्या त्याचें नांव घ्यावयास कोणती हरकत? फौजेस शत्रु कोण हें सांगावयाचें, परंतु शत्रुत्व कशाचें हें मात्र सांगावयाचें नाहीं, ही शिस्त नव्हे. ही झांकपाक झाली. आणि झांकून किती झांकणार? ज्या छावण्यांत हें पद नको झालें त्यांच्याच पहाऱ्याशीं धन्यापासून पळालेले गुलाम येऊन उभे राहत होते. कोणी अधिकारी त्यांस आसरा देई, तर कोणी त्यांस धरून धन्याच्या हवालीं करी. अशा रीतीनें माणसें परत करण्यास लष्करी अधिकाऱ्यांस कायद्यानें मनाई झाली ती १३ मार्च १८६२ रोजीं. म्हणजे आज्ञापत्रानंतर अवघ्या दोन महिन्यांत.

कोणी म्हणेल, गाण्यावर बंदी घालण्याचें काम दुसऱ्या पक्षानेंही केलें. त्यास तुम्ही काय म्हणतां? ही पृच्छा योग्य आहे. त्याच वर्षीं न्यू ऑर्लिन्स शहर सर झाल्यावर जनरल बटलर यांनीं बंडवाल्यांच्या झेंड्यावरील एका आवडत्या गाण्याच्या प्रकाशकास दंड केला व प्रती जप्त केल्या, असें सांगतात. बटलर आमच्या पक्षाचे म्हणून त्यांची पाठ आम्ही थोपटणार नाहीं. गाण्याचें उत्तर गाण्यानें द्यावें हें आमचें मत उभय पक्षीं सारखेंच आहे. तथापि जिंकलेल्या शहरांत शत्रूचा झेंडा गाण्यांतून उभारूं न देणें आणि स्वतःच्याच फौजेस स्वतःच्या पक्षाचें सत्य ऐकूं न देणें, ह्या दोन गोष्टींत अंतर आहे. पहिलींत भीति शत्रूची असते, दुसरींत आपल्याच शिपायांच्या विचार करण्याची.

पुढें काय झालें तें जॉन हचिन्सन यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. अर्थमंत्री सॅमन चेस यांनीं व्हिटियरचें तें पद मंत्रिमंडळाच्या बैठकींत वाचून दाखविलें. तें ऐकून लिंकन म्हणाले कीं, शिपायांनीं ऐकावींत असें ज्या प्रकारचें गाणें मला वाटतें तेंच हें आहे. आणि हचिन्सनांस छावण्या पुन्हां मोकळ्या झाल्या. वर्तमानपत्रांतून बंदीची बातमी व बंदी घातलेलें पद हीं दोन्ही शेजारीं शेजारीं छापून आलीं. ज्या पदानें एका देवळांतील श्रोत्यांस चाळविलें असतें तें सेनापतीच्या कृपेनें घरोघर गेलें.

परंतु लिंकन यांस येथें देव्हाऱ्यांत बसविण्याची आमची इच्छा नाहीं. ह्याच लिंकन यांनीं चार महिन्यांपूर्वीं, जनरल फ्रेमाँट यांनीं मिसुरींतील बंडखोरांच्या गुलामांस मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला तेव्हां, तो बदलावयास लावला होता. जानेवारींत ते पद त्यांस पसंत पडलें, पण त्या पदांत जें मागितलें होतें तें करण्यास त्यांची लेखणी अद्याप उचलली नव्हती. पद पुढें गेलें होतें, कायदा मागून येत होता. एप्रिलच्या १६ तारखेस राजधानीच्या जिल्ह्यांतील गुलाम मुक्त झाले. जुलईच्या २२ तारखेस लिंकन यांनीं मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्र्यांपुढें वाचला. अँटीटमच्या लढाईनंतर, २२ सप्टेंबरास, तो जगापुढें आला.

ह्या मसुद्याच्या पंधरवडाभर आधीं मॅक्लेलन यांनीं आणखी एक पत्र लिहिलें. तें गाणाऱ्यास नव्हतें, खुद्द अध्यक्षांस होतें. रिचमंडपुढें हटून जेम्स नदीच्या कांठीं हॅरिसन्स लँडिंग येथें फौज येऊन थांबली होती. लिंकन भेटीस आले असतां सेनापतीनें ७ जुलईच्या तारखेचें तें पत्र त्यांच्या हातीं ठेविलें. गुलामगिरी जबरीनें मोडण्याचा विचारही मनांत आणूं नये, आणि ह्या बाबतींत जहाल मतें जाहीर झालीं तर आपल्या फौजा पाहतां पाहतां विरघळून जातील, असा त्यांत इशारा होता. लिंकन यांनीं पत्र वाचलें, खिशांत घातलें, आणि त्यावर एक अक्षरही बोलले नाहींत. हीं दोन पत्रें शेजारीं ठेवून वाचावींत. जानेवारींत सेनापतीनें गाणाऱ्यास सांगितलें, शिपाई हें ऐकून घेणार नाहींत. जुलईंत अध्यक्षास सांगितलें, शिपाई हें सोसणार नाहींत. दोन्ही वेळां शिपायांच्या वतीनें बोलला तो सेनापति. शिपायांस कोणीं विचारलेंच नाहीं.

विचारण्याची वेळ १८६४ च्या नोव्हेंबरांत आली. मॅक्लेलन यांस नोव्हेंबर १८६२ मध्येंच सेनापतिपदावरून दूर केलें होतें. आतां ते लिंकन यांच्याविरुद्ध अध्यक्षपदासाठीं उभे होते, आणि शिपायांचा लाडका सेनापति म्हणून त्यांच्या पक्षाची सारी भिस्त फौजेवर होती. फौजा विरघळल्या नव्हत्या. उलट सुमारें १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई युद्ध संपेपर्यंत त्यांत दाखल झाले. शिपायांचीं जीं मतें स्वतंत्र मोजलीं गेलीं त्यांत चारांपैकीं तिघांहून अधिकांनीं लिंकन यांस मत दिलें. मॅक्लेलन यांस तीन संस्थानें मिळालीं: केंटकी, डेलावेअर आणि न्यू जर्सी. ज्या न्यू जर्सीच्या पलटणींत तो फूत्कार उठला तिनें आपला हट्ट सोडला नाहीं, हें नमूद केलें पाहिजे.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें. येथील दुकानदारास व पेढीवाल्यास त्याचें काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हें युद्ध चालूं होतें तेव्हां मुंबईच्या बाजाराइतकें लक्ष त्याकडे जगांत फार थोड्यांचें होतें. अमेरिकेचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, आणि वऱ्हाड-खानदेशच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. रोज नव्या कंपन्या, रोज नवे शेअर. पुढें १८६५ सालीं लढाई संपल्याची वार्ता आली. ज्या बातमीनें ४० लक्ष मनुष्यांच्या बेड्या तुटल्याची खात्री झाली त्याच बातमीनें मुंबईंत पेढ्या बसल्या व घरें धुळीस मिळालीं. आमच्या व्यापारी वाचकांच्या पूर्वजांपैकीं कित्येकांनीं त्या दिवशीं डोक्यास हात लावला असेल. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण ती लढाई आपण केवळ खंडीच्या भावानें मोजली, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या मापानें ती मोजणारा मनुष्य पुण्यांत होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काढलें तें अमेरिकेंतील सदाचरणी लोकांस अर्पण करून; गुलामांस दास्यांतून सोडविण्यासाठीं त्यांनीं जी निरपेक्ष बुद्धि दाखविली तिचा गौरव त्यांत आहे, आणि आपले देशबांधव शूद्र बंधूंस मुक्त करण्याच्या कामीं तो कित्ता गिरवितील अशी आशाही. स्वतः पोवाडा व अखंड रचणाऱ्या ह्या पुरुषास, गाण्यानें काय होतें हें मॅक्लेलन यांच्याइतकेंच ठाऊक होतें. फरक इतकाच कीं त्यास तें हवें होतें. आशा कितपत सफळ झाली तें वाचक जाणतात. १८९५ सालीं पुण्यास राष्ट्रसभा भरली, तेव्हां तिच्या मंडपांत सामाजिक परिषद भरवूं देऊं नये म्हणून गहजब झाला, आणि अखेर न्यायमूर्ति रानडे यांस परिषद दुसरीकडे न्यावी लागली. कारण काय दिलें गेलें? सामाजिक प्रश्न काढले कीं तट पडतात. आधीं एकी, मग बाकीचें. आमच्या थोर थोर पुढाऱ्यांचा हा युक्तिवाद वाचतांना पोटोमॅककांठची ती छावणी आम्हांस आठवल्यावांचून राहत नाहीं. मंडप वांचला, एकी मात्र दिसली नाहीं. आणि ज्यांचे प्रश्न बाहेर ठेविले ते लोकही मंडपाबाहेरच राहिले.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आज्ञापत्र हचिन्सनांपुरतें होतें, कारण हचिन्सनांस परवाना होता. ज्यांस परवानाच नव्हता त्यांचें काय? शहीद जॉन ब्राऊन याच्या नांवाचें गाणें १८६१ च्या वसंतांत बोस्टनच्या बंदरांतील किल्ल्यांत मॅसॅच्युसेट्सच्या शिपायांनींच जुळविलें होतें, आणि तें पलटणी रस्त्यानें चालतां चालतां गात. त्यावर कोणत्या कचेरीचा शिक्का मारणार? त्याच चालीवर ज्यूलिया वॉर्ड हो ह्या बाईंनीं रचलेलें पद ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत छापून आलें तें सेनापतीच्या आज्ञापत्रानंतरच्याच महिन्यांत. आणि शिपायांच्याही आधीं, गुलाम स्वतः गात होते. युद्धाच्या आरंभीं दक्षिण कॅरोलिनांतील जॉर्जटाऊन येथें कांहीं गुलामांस आपण लवकरच मुक्त होऊं अशा अर्थाचें एक भजन गाइल्याबद्दल तुरुंगांत घातलें होतें. भजनांत प्रभु आपणांस बोलावील असें होतें; धन्यांस संशय आला कीं प्रभु म्हणजे ह्यांच्या मनांत उत्तरेचे शिपाई असावेत! आपल्या इकडे अभंगाच्या एका ओळींत दोन अर्थ ऐकण्याची ज्यांस संवय आहे त्यांस त्या धन्यांचा संशय अगदींच वेडगळ वाटणार नाहीं.

ही हकीकत लिहून ठेविली ती कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनीं. हेही लष्करी अधिकारीच. मुक्त झालेल्या गुलामांच्या, दक्षिण कॅरोलिनाच्या पहिल्या पलटणीचे मुख्य. रात्रीं शेकोटीभोंवतीं आपले शिपाई जीं भजनें गात तीं अंधारांत उभें राहून ऐकावीं आणि तंबूंत येऊन टिपून ठेवावीं, असा ह्या कर्नलाचा छंद होता. १ जानेवारी १८६३ रोजीं, मॅक्लेलन यांच्या आज्ञापत्रास वर्ष पुरें होतें न होतें तोंच, पोर्ट रॉयल बेटावर ब्यूफर्ट गांवाजवळच्या त्यांच्या छावणींत मुक्ततेचा जाहीरनामा वाचून दाखविण्याचा समारंभ झाला. वाचणारे गृहस्थ त्याच प्रांतांतले, पूर्वीं गुलामांचे धनी. त्यांनीं आपले गुलाम कित्येक वर्षांपूर्वीं आपण होऊन सोडले होते. वाचन झालें, पलटणीस निशाण अर्पण झालें, आणि कर्नल निशाण हातीं घेऊन बोलावयास उभे राहिले. कार्यक्रमांत ह्यापुढें त्यांचें भाषण होतें. इतक्यांत व्यासपीठाच्या जवळून एका वृद्ध कृष्णवर्णीय पुरुषाचा थोडा फाटलेला आवाज उठला, आणि त्यांत लगेच दोन स्त्रियांचे आवाज मिळाले. ज्या देशानें काल सायंकाळपर्यंत त्यांस माल म्हणून मोजलें त्या देशास आपला देश म्हणणारें तें गीत होतें. चाल मात्र इंग्लंडच्या राजगीताचीच. कोणी त्यांस गावयास सांगितलें नव्हतें. मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. कडव्यामागून कडवें होऊं लागलें तसे आणखी कंठ मिळत गेले. व्यासपीठावरील गोऱ्या पाहुण्यांपैकींही कांहीं आपला सूर मिसळूं लागले. कर्नल हिगिन्सन यांनीं हातानें खूण करून त्यांस गप्प केलें.